दादाने २०१८ पासून फ्रीझरमध्ये ठेवलेली लिक्विड निकोटीनची बाटली, अजून चांगली असेल का? ठेवू की टाकू?

साखळीकरीण

नमस्कार मंडळी, इथे बरेच जण पूर्वी घरी लिक्विड मिक्स करायचे असं दिसलं म्हणून विचारतेय. माझ्या मोठ्या भावाने सिगरेट सोडायची म्हणून २०१७ ला व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सुरू केलं, मग तयार लिक्विड महाग पडतं म्हणून घरीच मिक्स करायला लागला, पीजी व्हीजी (प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, ज्यात निकोटीन मिसळतात ते द्रव) वेगळं, फ्लेवर वेगळे आणि निकोटीन वेगळं. त्या निकोटीनची २५० मिलिची एक बाटली त्याने २०१८ मध्ये आईच्या फ्रीझरमध्ये ठेवली, लेबलवर १०० एमजी आणि पीजी एवढंच वाचता येतं. २०२० च्या डिसेंबरात ब्रेक्झिटची मुदत संपत होती त्याच्या आधी पोर्तुगीज पासपोर्टवर तो इंग्लंडात स्विंडनला गेला नि बाटली इथेच राहिली.

परवा चवथीची साफसफाई करताना मी ती पहिल्यांदा नीट बघितली. दरवाजाच्या रॅकमध्ये उभी होती, शेजारी सुंगटांचा (कोलंबीचा) डबा. पांढरी प्लास्टिकची बाटली आहे, उजेडात धरली तर अर्धी भरलेली दिसते, आतलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, आणि झाकणाच्या खाली एक तपकिरी कडं आलंय, चिकट. मी बोट लावलं नाही, परत तशीच ठेवली. जूनमध्ये आमच्याकडे दोनदा रात्रभर लाईट नव्हती तेव्हा फ्रीझरमधलं सगळं नुस्तं (मासळी) टाकावं लागलं होतं, म्हणजे ही बाटली पण गरम झाली असणार.

दादाला फोन केला तर तो म्हणतो अजिबात टाकू नको, फ्रीझरमध्ये निकोटीन वर्षानुवर्षं टिकतं, तिथे लिक्विडवर १ ऑक्टोबर २०२६ पासून १० मिलिमागे २ पाउंड २० पेन्सचा कर लागणार आहे, कोणी येणारं असेल त्याच्याबरोबर मागवून घेतो. त्याचं म्हणणं बरोबर आहे का? खरंच टिकतं का, टिकत असेल तर कसं ठेवायचं, आणि फ्रीझरमधल्या बाकी जिनसांना काही होत नाही ना? माझा धाकटा चार वर्षांचा आहे, हल्ली स्टूल ओढून स्वतःच फ्रीझर उघडतो आईस्क्रीमसाठी. चवथीला तर घरात सहा-सात पोरं असणार. कृपया कोणीतरी नीट सांगा.

पेडणेकर_मिक्स

ताई, मी २०१६ ते २०१९ घरी मिक्स करत होतो, बंदी आली तेव्हा सगळं बंद केलं, त्यामुळे या विषयात थोडंफार कळतं. तुमचा दादा अर्धं खरं सांगतोय. निकोटीनचे तीन शत्रू, हवा, उजेड आणि उष्णता. ते नीट सांभाळले तर १०० एमजीचं पीजीमधलं निकोटीन फ्रीझरमध्ये बरीच वर्षं राहतं, हे आम्ही सगळेच करायचो. पीजी घरच्या फ्रीझरमध्ये गोठत नाही, उणे ५९ अंशाला गोठतं, त्यामुळे उणे १८ ला पण ते ओतण्यासारखं पातळच राहतं. व्हीजीमधलं असेल तर थंडीत मधासारखं घट्ट होतं, मग बाहेर काढून साध्या तापमानाला आणून खूप हलवावं लागतं, नाहीतर एका झुरक्यात जास्त आणि एकात कमी असं होतं.

पण "नीट" म्हणजे काय ते ऐका. आम्ही मोठी बाटली आली की त्याच दिवशी गडद तपकिरी काचेच्या ३० मिलि किंवा ६० मिलिच्या बाटल्यांत भरायचो, अगदी मानेपर्यंत, म्हणजे आत हवेला जागाच नको. एक वापरायला काढायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. झाकण साधं घट्ट, ड्रॉपरचं रबर नाही. माझ्याकडे एका बाटलीला ड्रॉपरच राहिला होता, सहा महिन्यांनी त्याचं रबर मऊ नि चिकट झालं आणि लिक्विडला टायरचा वास यायला लागला, पूर्ण बाटली गेली. पातळ प्लास्टिकमधून हवा हळूहळू आत शिरते, जाड पांढऱ्या प्लास्टिकमधून कमी, काचेतून नाही. तुमची बाटली प्लास्टिकची, अर्धी रिकामी, म्हणजे १२५ मिलि हवा सतत आत बसलेली.

दरवाजाच्या रॅकमध्ये तर कधीच ठेवू नये, दर वेळी उघडलं की तिथे गरम हवा लागते. फ्रॉस्ट फ्री फ्रीझर असेल तर तो बर्फ काढायला मधूनमधून स्वतःच थोडा तापतो, म्हणून एकदम मागे, तळाला ठेवायची. आणि आपल्याकडे सगळ्यात मोठी चूक काय होते तर लोक थंडगार बाटली काढून लगेच उघडतात, आपल्या हवेत एवढी दमट वाफ की बाटलीच्या तोंडाला आणि आत लगेच पाणी सुटतं, निकोटीन आणि पीजी दोन्ही पाणी ओढून घेतात. बंद ठेवूनच पूर्ण रूम टेंपरेचरला येऊ द्यायची, मी रात्री काढून सकाळी उघडायचो.

रंगाबद्दल, ताजं निकोटीन पाण्यासारखं असतं, नंतर गवती पिवळं होतं, तिथपर्यंत घाबरायचं कारण नाही. कोऱ्या चहाचा रंग म्हणजे बऱ्यापैकी ऑक्सिडाइज झालंय. असलं लिक्विड ओढलं तर घशाला मिरी लावल्यासारखं लागतं. मी तरी ते वापरलं नसतं.

रसायन_फोंडा

वरच्या भाऊंनी चांगलं लिहिलंय. मी कॉलेजात रसायन शिकवतो म्हणून थोडी भर घालतो.

शुद्ध निकोटीन रंगहीन असतं, हवा आणि उजेड लागला की आधी पिवळं मग तपकिरी होतं. त्यातून निकोटीन एन-ऑक्साइड, कोटिनिन, मायोस्मिन असे पदार्थ तयार होतात. थंडीने हे थांबत नाही, मंद होतं. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की क्रिया साधारण निम्मी मंदावते. गोव्यातली ३० अंशांची खोली आणि उणे १८ चा फ्रीझर यात ४८ अंशांचा फरक, म्हणजे जवळजवळ पाच वेळा निम्मं, २५-३० पट मंद. एवढ्याचसाठी लोक फ्रीझर वापरतात. पण हा हिशेब बाटली सतत थंड राहिली तरच, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात कुठला फ्रीझर चोवीस तास चालतो? मिक्स केलेल्या लिक्विडला हा हिशेब लावू नका, फ्लेवरमधली व्हॅनिलिनसारखी द्रव्यं स्वतःच रंग बदलतात आणि पीजीशी त्यांची वेगळी क्रिया होते, म्हणून फ्लेवर घालून कधी साठवायचं नसतं.

एक गोष्ट मात्र महत्त्वाची, तपकिरी झालं म्हणजे त्यातलं निकोटीन संपलं असं मुळीच नाही. रंग यायला थोडंसं ऑक्सिडेशन पुरतं, बाकीचं बहुतेक निकोटीन तसंच आत असतं. त्यात किती उरलंय हे रंग बघून सांगता येत नाही, त्यासाठी टायट्रेशन करावं लागतं, ब्रोमोथायमॉल ब्लू टाकून सौम्य गंधकाम्लाने. तेव्हा "जुनी झालीय, आता काय होणार" असं समजून कोणी ती हाताळू नये.

बागायतदार_सत्तरी

टाकायची कशाला? आमचे आजोबा तंबाखूची पानं रात्रभर भिजवून तो काढा मिरच्यांवर मारायचे, मावा कीड एका दिवसात खलास व्हायची. हे तर तयारच आहे, बादलीभर पाण्यात थोडं घालून फवारा, झाडांना तरी उपयोग होईल. मी मागाहून फोटो टाकतो काढा कसा करतात त्याचा.

रसायन_फोंडा

दादा, कृपा करून हे करू नका आणि कोणाला सांगूही नका. पानांच्या काढ्यात निकोटीन अगदी थोडं उतरतं, आणि त्या काढ्यानेसुद्धा माणसं आजारी पडतात. या बाटलीत १२५ मिलि गुणिले १०० म्हणजे साडेबारा ग्रॅमपर्यंत निकोटीन असू शकतं. निकोटीन सल्फेट पूर्वी कीटकनाशक म्हणून विकलं जायचं, आता भारतात ते वापरायला बंदी आहे, फक्त निर्यातीसाठी बनवू देतात. फवारताना वाऱ्याने तोंडावर, हातावर उडतं, आणि निकोटीन चांगल्या कातडीतून सुद्धा आत जातं. तंबाखूची ओली पानं खुडणाऱ्या मजुरांना नुसत्या पानांवरच्या दंवाने उलट्या, चक्कर येते, त्या आजाराला ग्रीन टोबॅको सिकनेस असं नावच आहे. मिरची तर आपण तीच खाणार.

बागायतदार_सत्तरी

एवढं असतं हे माहीत नव्हतं, आजोबांना हात थरथरतो म्हणून आम्ही वयावर ढकलायचो. सूचना मागे घेतो. ताई, नका फवारू.

कॅज्युअल्टी_सिस्टर

ताई, मी बारा वर्षं कॅज्युअल्टीत काम करतेय, तुमची पोस्ट रात्रपाळी संपवून वाचली आणि आधी हेच लिहायला बसले. बाकी चर्चा मागाहून करा, ती बाटली आजच्या आज जेवणाच्या फ्रीझरमधून बाहेर काढा. ती टिकते की नाही हा तुमच्या घरातला प्रश्नच नाही, चार वर्षांचं पोर स्टूल ओढून त्या फ्रीझरपर्यंत पोचतंय हा प्रश्न आहे.

१०० एमजी म्हणजे एका मिलिमध्ये १०० मिलिग्रॅम. चहाचा छोटा चमचा पाच मिलिचा, म्हणजे ५०० मिलिग्रॅम. जुन्या पुस्तकांत मोठ्या माणसाला ३० ते ६० मिलिग्रॅम घातक असं लिहिलेलं असायचं, २०१४ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठाच्या बर्न्ड मायर यांनी तो आकडा कुठून आला ते शोधून काढलं आणि खरा आकडा अर्धा ते एक ग्रॅम असावा असं मांडलं. म्हणजे हा नवा, सैल आकडा धरला तरी एका चमच्यात मोठ्या माणसाच्या जिवावर बेतेल एवढं आहे, पोराचं तर बोलायलाच नको. त्याच २०१४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यात एक वर्षाचं बाळ लिक्विड निकोटीन पोटात जाऊन गेलं, त्यानंतर अमेरिकेत अशा बाटल्यांना मुलांना उघडता येणार नाही असं झाकण सक्तीचं करणारा कायदा झाला.

ते कडं जे तुम्ही लिहिलंय, ते झिरपलेलं निकोटीनच आहे. तेव्हा काढताना नाइट्राइलचे हातमोजे घाला, ते निळे मेडिकलमध्ये मिळतात, खिडकी उघडी ठेवा, मुलं घरात नकोत. बाटली उघडू नका, वास घेऊ नका. रॅक ओल्या टाकाऊ फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधा, मग साबणाच्या पाण्याने परत दोनदा पुसा. तो सुंगटांचा डबा बंद झाकणाचा असेल तर बाहेरून धुवा, नुसत्या पिशवीत काही असेल आणि बाटलीला टेकलेलं असेल तर सरळ टाका, शंभर-दोनशे रुपयांचं नुस्तं गेलं तर गेलं.

हाताला लागलंच तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याखाली धरा, पंधरा मिनिटं, कपड्यावर सांडलं तर कपडा आधी काढा. लक्षणं अशी, तोंडाला पाणी सुटतं, मळमळ, उलटी, घाम, चेहरा पांढरा पडतो, हात कापतात, छाती धडधडते, पुढे झटके आणि श्वास मंद होतो. पोटात गेलंय अशी नुसती शंका आली तरी उलटी काढायच्या मागे लागू नका, मीठपाणी, ताक काही देऊ नका, १०८ लावा आणि गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्या किंवा जवळ असेल त्या हॉस्पिटलात, बाटली पिशवीत घालून बरोबर आणा म्हणजे डॉक्टरांना लेबल दिसेल. एम्सचा विषबाधेचा नंबर पण लिहून फ्रीजवर लावा, १८०० ११६ ११७, फोन फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो. निकोटीनला उतारा असं वेगळं औषध नाही, श्वास आणि नाडी सांभाळत राहायचं असतं, म्हणून वेळ घालवायचा नाही.

पेडणेकर_मिक्स

सिस्टर बरोबर बोलतायत, मी माझ्या पोस्टमध्ये हे आधी लिहायला पाहिजे होतं, टिकवण्याच्या नादात राहून गेलं. मला स्वतःला एकदा झालंय. बाटली भरताना डाव्या मनगटावर थोडं ओघळलं, म्हटलं हे एवढं होऊ दे मग धुतो, दहा मिनिटांत असं गरगरलं की न्हाणीघराच्या दारात बसलो आणि ओकत राहिलो, बायको रडायला लागली. रोज पाकीट ओढणारा माणूस मी, म्हणजे अंगाला निकोटीनची सवय असलेला. त्यानंतर माझा सगळा साठा कुलपाच्या लोखंडी पेटीत, वेगळ्या छोट्या फ्रीझरमध्ये असायचा, प्रत्येक बाटलीवर लाल अक्षरात विष असं लिहून. ज्याच्या घरात एकच फ्रीझर आणि त्यात जेवण, त्याने हे ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हापसा_वकील

कायद्याचं थोडक्यात सांगतो. १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात ई-सिगारेट बंदीचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण, जाहिरात, सगळ्याला बंदी आहे. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि निर्यात-वाहतुकीला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा "कोणी येणारं असेल त्याच्याबरोबर मागवतो" हा विचार दादाने डोक्यातून काढावा. दुसऱ्याच्या बॅगेत, ते पण बहुतेक त्याला न सांगता, विषाची बाटली विमानात. विमानतळावर अडकणार तो बिचारा बॅगवाला. आणि बाटलीबरोबर जुनं व्हेपचं यंत्र वगैरे घरात पडलं असेल तर तेही काढून टाका.

तिकडचा नियम पण बघा, ब्रिटनमध्ये गिऱ्हाइकाला २० एमजीच्या वरचं लिक्विड विकता येत नाही आणि बाटली १० मिलिपेक्षा मोठी नाही, त्यामुळे मिक्स करणारे तिथे निकोटीन शॉट म्हणजे निकोटीनच्या छोट्या बाटल्या घेतात. कर लागणार हे खरं आहे, पण त्या करासाठी आठ वर्षांची गळकी बाटली कोणी विमानातून मागवत नाही.

साखळीकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार, सिस्टर तुमची पोस्ट वाचून हात गार पडले. नवऱ्याला कामावरून बोलवून घेतला, पोराला शेजारच्या वैनीकडे पाठवला, हातमोजे घालून बाटली काढली, ती आता लोणच्याच्या मोठ्या रिकाम्या बरणीत उभी करून बरणी माळ्यावर ट्रंकेत कुलपात ठेवलीय. आता टाकायची कशी ते सांगा. आई म्हणते परसात खड्डा काढून ओत, पण आमची विहीर तिथून वीस पावलांवर आहे.

रसायन_फोंडा

खड्डा नको, न्हाणीत नको, संडासात तर नकोच. निकोटीन पाण्यात सहज मिसळतं आणि मासे, बेडूक, पाण्यातले किडे यांना फार विषारी आहे, पावसात ते जमिनीतून विहिरीकडे जायला किती वेळ लागणार. ओतायची गरजच नाही, बाटली बंदच राहू दे. बरणीत बाटलीच्या चारी बाजूंनी लाकडाचा भुसा किंवा मांजराच्या ट्रेमधली माती ठासून भरा म्हणजे झिरपलं तर त्यात शोषलं जाईल. बरणीचं झाकण लावून टेप गुंडाळा, वर मोठ्या अक्षरात मराठीत आणि इंग्रजीत विष, निकोटीन असं लिहा. मग नगरपालिकेच्या ऑफिसात फोन करून घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा द्यायचाय असं सांगा, मुदत संपलेली औषधं, रंगाचे डबे यांच्याच वर्गात ते येतं. कचरा उचलणाऱ्या मुलाच्या हातात न सांगता देऊ नका, ते पिशव्या हाताने दाबून बघतात. ती पुसलेली फडकी आणि हातमोजे पण त्याच बरणीत जाऊ द्या.

कॅज्युअल्टी_सिस्टर

आणि ताई, दादाला एक सांगा, अजून सुटत नसेल तर तिथे डॉक्टरकडे जाऊन गम किंवा पॅच घे म्हणावं. इथल्या कोणाला सोडायची असेल तर आपल्याकडे २ एमजीचं निकोटीन गम मेडिकलमध्ये मिळतं, औषध म्हणून परवाना असलेली वस्तू या बंदीत येत नाही, आणि तंबाखू सोडण्याची सरकारी हेल्पलाइन आहे १८०० ११ २३५६. गम पण पोरांच्या हाताला लागेल असं ठेवायचं नाही.

साखळीकरीण

झालं. भुसा आमच्या सुताराकडून आणला, बरणी भरली, टेप लावली. पालिकेत फोन केला तर त्यांनी शुक्रवारी सकाळी ऑफिसवरच आणून द्यायला सांगितलं, नवरा स्कूटरवर नको म्हणून गाडीने घेऊन गेला, समोरच्या माणसाला आत काय आहे ते तोंडी सांगितलं आणि लिहून पण दिलं. माळ्यावर दादाचं जुनं व्हेपचं यंत्र आणि दोन बॅटऱ्या सापडल्या, त्या पण दिल्या.

दादाला या पोस्टी वाचून दाखवल्या व्हिडिओ कॉलवर. आधी म्हणाला एवढं काय, पण सिस्टरनी लिहिलेला चमच्याचा हिशेब ऐकला आणि गप्प झाला, मग विचारलं पोरगा कुठाय. त्याला बोलावून कॅमेऱ्यासमोर उभा केला तेव्हा कुठे दुसरं बोलायला लागला. त्याच्या तिथल्या घरात पण दहा-बारा शॉट किचनच्या ड्रॉवरमध्ये आहेत म्हणे, आणि खालच्या मजल्यावरच्या मडगावच्या कुटुंबाची दोन मुलं रोज येतात, म्हणून आज संध्याकाळी तो कुलूप असलेला डबा आणायला जाणार आहे.

फ्रीझरचा रॅक मी तीनदा पुसला आणि शेवटी काढूनच टाकला.